दुसरी वच्छला

१

दिवेलागणीच्या आधी आई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि गोठ्याकडे तोंड करून हाक द्यायची, "वच्छे, कुठी हायेस वं?" हे रोजचंच होतं. चुलीवर वरण शिजत असायचं, बाबा बैल बांधत असायचे, मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असायची. हाकेला उत्तर यायचं नाही. आई जरा वेळ थांबायची, "ह्या पोट्टीचं काय करावं बाप्पा," म्हणायची आणि आत जायची.

वडनेरला आमचं घर गावाच्या टोकाला होतं. मागची भिंत संपली की आमचंच वावर सुरू व्हायचं. एकोणऐंशी साल सरत आलं होतं आणि मी आठवीत होते.

वच्छला म्हणजे माझ्याहून मोठं भावंड. गावाला ती महादेवरावांची थोरली पोरगी. मला तो दादा. मी शाळेतही जात नव्हते, तेव्हा एकदा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून बोरं खाता खाता त्यानं मला सांगितलं होतं, "कोकिळा, मी पोट्टी नाई. माय म्हनते, गाव म्हनते, पन मी नाई. तू मले दादा म्हनत जाय. माह्यं नाव कवडू."

"कवडू काऊन?"

"ज्या घरचे लेकरं जगत नाई, थ्या घरी पोट्ट्याचं नाव कवडू ठेवतेत. मंग थो जगते."

मला ते पटलं. लहान मुलांना अशा गोष्टी लवकर पटतात. पुढे मोठी झाले तरी त्यात न पटण्यासारखं मला काही सापडलं नाही. चारचौघांत मी काहीच हाक मारायची नाही, आणि दोघंच असलो की दादा म्हणायची.

बाबांना मुलगा नव्हता. म्हणून दादानं वखर धरला, बंडी हाकली, बाबांचा जुना सदरा लुगड्यावर चढवला, तरी बरीच वर्षं कोणी अडवलं नाही. बोलण्यावरूनही कोणाला काही कळत नसे, कारण आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. फरक कळायचा तो होऊन गेलेली गोष्ट सांगताना. पोरी 'गेलती' म्हणतात. दादा 'गेलतो' म्हणायचा. आई दर वेळी सुधारायची, आणि तो पुन्हा तेच म्हणायचा.

त्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी हाक दिली, "वच्छे, कुठी गेलती वं?"

कापसाच्या खोलीतून उत्तर आलं. "वावरात गेलती माय. आली आता."

आवाज दादाचा होता. आईचा चेहरा उजळला आणि ती आत गेली. मी मात्र पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. कारण माझ्या समोर, अंगणापलीकडच्या विहिरीवर, दादा पाठमोरा उभा राहून बैलाच्या अंगावर पाणी टाकत होता.

२

वेचणीचे दिवस असले की आमची मधली खोली कापसाची होऊन जायची. दाराकडे जागा ठेवून मागच्या भिंतीला लावून ढीग रचायचा, तो वर आढ्यापर्यंत जायचा. त्या खोलीत शिरलं की कानात बोटं घातल्यासारखं व्हायचं. बाहेरची कोंबडी, रस्त्यावरची एसटी, चुलीपाशी पडणारी भाकरीची थाप, सगळं लांब जायचं. आपलाच श्वास तेवढा ऐकू यायचा. त्या वर्षी खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली होती, त्यामुळे कापूस घरातच पडून होता.

मी दाराशी जाऊन पाहिलं. आत कोणी नव्हतं. वेचायला येणारी मीराबाई कधी कधी तिथे पाठ टेकायची, पण ती दुपारीच घरी गेली होती. मी मनाशी म्हटलं, दादाच विहिरीवरून बोलला असेल, आणि कापसामुळे आवाज फिरून आला असेल. पण त्यानं 'गेलती' म्हटलं होतं. ते काही कापसामुळे होणार नव्हतं.

ढिगाच्या एका अंगाला खोलगा पडला होता. माणूस बराच वेळ टेकून बसल्यावर पडतो तसा. मी हात लावला. आतून कापूस ऊन होता. कापूस ऊनच असतो, हेही मी मनाशी म्हटलं.

जेवताना दादाला सांगावं असं वाटलं होतं. पण आई इतकी खुशीत होती, की त्याच्या ताटात तिनं स्वतःहून तूप वाढलं. 

३

पौषात मनकर्णाआत्या आली. बाबांची मोठी बहीण, बोलायला पक्की. तिनं आर्वीकडचं स्थळ आणलं होतं. नत्थूजी म्हणून मोठे शेतकरी, त्यांचा मुलगा बंडू, ओलिताची जमीन. संक्रांत झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि माघात लग्न, असं ओसरीवर बसल्या बसल्या ठरलं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग तो आत गेला, कात्री घेऊन बाहेर आला आणि आत्यासमोर, बाबांसमोर उभं राहून त्यानं आपली वेणी मुळापासून कापली. वेणी ओसरीवर पडली.

"मी कोनाची बायको होनार नाई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी बाईच नाई, बाबा. तुमाले मायित हाये. वखर धराले मी पोट्टा चालतो, मंग आता काऊन नाई चालत?"

बाबांनी त्याआधी आम्हाला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. मग दंडाला धरून त्याला कापसाच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. आई भिंतीशी बसून पदर तोंडात धरून रडत होती. आत्या म्हणत होती, "भूक लागली की येते डोकं ठिकानावर."

मी मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळानं कापसाच्या खोलीवरची कवेलं हलली. एक कवेलू बाजूला सरकलं, दुसरं सरकलं, आणि दादा ढिगावर चढून छपरातून बाहेर आला. भिंतीवरून खाली उतरला. त्याचा ओठ फुटला होता, कापलेल्या केसांत कापूस अडकला होता. मला पाहून त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि तो कपाशीच्या पऱ्हाटीतून नाल्याकडे निघून गेला. मी त्याला दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. हे मी नीट सांगते, कारण पुढे कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगायची माझी तयारी होती. कोणी विचारलं नाही.

ऊन कलल्यावर बाबांचा राग उतरला. ते भाकर घेऊन दाराशी गेले. आई मागे उभी होती, मी तिच्या मागे. आता खोली रिकामी दिसणार आणि घरात आरडाओरड होणार होती.

बाबांनी कडी काढली.

ढिगाशी कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. लुगडं अंगभर होतं, डोक्यावर पदर होता, आणि पदराखालून लांब वेणी मांडीवर आली होती.

"चुकलं बाबा," ती म्हणाली. "तुमी म्हनान तसं करतो."

बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांच्याकडे. मग बाबा म्हणाले, "ऊठ बाई. जेवून घे."

सकाळी कापलेली वेणी ओसरीवर तशीच पडली होती. आई बाहेर आली. वेणीपाशी थांबली. मग तिनं खराटा आणला, केस गोळा केले आणि नेऊन चुलीत घातले. केस जळाल्याचा वास घरभर झाला. 

४

दादा दुसऱ्या दिवशी परत आला. त्याला वाटलं होतं, आता मोठं भांडण होईल. तो त्यासाठी तयार होऊनच आला होता. सदरा आणि बाबांचा पायजमा घालून, बोडक्या डोक्यानं, भरदिवसा समोरच्या दारातून.

भांडण झालं नाही. ओसरीवर बाबा पान लावत होते. दादा समोर उभा राहिला. बाबांनी मान वर केली, त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि चुना पानाला लावला.

"बाबा, मी आलो," दादा म्हणाला.

आतून उत्तर आलं, "बाबा, चहा ठेवू काय?"

"ठेव बाई," बाबा म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बाजूला जाऊन त्याचा हात धरला. हात खरा होता, वखराचे घट्टे पडलेला. आम्ही दोघं सैपाकघराच्या दाराशी गेलो. ती चुलीसमोर पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवली नाही. आई तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होती आणि दोघी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. आई हसली. आईला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कोन हाये वं?" दादानं मला विचारलं. त्याचा आवाज कोरडा पडला होता.



त्या दिवसापासून घरात त्याचं ताट मांडलं गेलं नाही. मी माझ्यातली भाकर गोठ्यात नेऊन द्यायची. तो तिथेच झोपायचा. बैल त्याला ओळखत होते, त्याच्या हातचं खात होते. वावरात तो बाबांच्या बरोबरीनं काम करायचा, आणि झालेल्या कामाबद्दल बाबा घरी येऊन त्या दुसरीला म्हणायचे, "आज लय काम केलं बाई तू." ती खाली मान घालून म्हणायची, "हो बाबा."

एकदा दादा बाबांच्या अगदी समोर जाऊन ओरडला. स्वतःचं नाव, बाबांचं नाव, तोंडात येईल ते. बाबांनी कानाशी हात फिरवला, जसा आपण चिलटावर फिरवतो. मग क्षणभर ते थांबले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, "बाबाले ऐकू येते. तू पाह्यलं ना? त्यायले ऐकू येते."

मीही ते पाहिलं होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

५

ती मला कधी काही वाईट बोलली नाही. सैपाक उत्तम करायची. तिची भाकर गोल आणि पातळ व्हायची. दादाला कधी धड भाकर थापता आली नव्हती. चालताना तिच्या पायांचा आवाज होत नसे. जमीन शेणानं सारवलेली, तिथे कोणाच्याच पायांचा फारसा आवाज होत नाही, असं मी स्वतःला समजावलं. रात्री ती मधल्या खोलीत निजायची. सकाळी ढिगावरचा खोलगा थोडा मोठा झालेला असायचा.

एका दुपारी ती विहिरीवर गेली असताना मी आईला विचारलं. "माय, थे वच्छी नाई. तुले मायित हाये ना?"

आई तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"माह्या वच्छीच्या उजव्या पायाले विळ्याची खून हाये," आई म्हणाली. "लहानपनी लागला होता. थे मीच बांधलं होतं."

"आन हिच्या पायाले?"

 सुपातला एक खडा काढून आईनं दारातून बाहेर टाकला. मग म्हणाली, "न्हातीधुती झाली तवापासून वच्छी माह्याजवळ बसली नाई, कोकिळा. मी डोक्याले हात लावला त झटकून दे. हे बसते. काल रातभर माह्ये पाय दाबले हिनं." तिनं सूप पुन्हा उचललं. "तू शाळा शिक. ह्या गोष्टीत पडू नको."

६

साक्षगंध झालं. पाहुण्यांना मुलगी फार आवडली. नत्थूजी म्हणाले, "पोरगी म्हंजे गाय हाये." आत्यानं मिशा असत्या तर पिळल्या असत्या, इतकी ती फुगली होती. त्या गर्दीत दादा खांबाला टेकून उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते, खांबाला घालतात तसा. कोणाचा धक्का लागला नाही.

रविवारी सकाळी ती माझ्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, "आन इकडं, येनी घालून देतो." मी नाही म्हणणार होते. पण तिनं केसांत बोटं घातली आणि माझं अंग सैल पडलं. तिचे हात मऊ होते. तिनं तेल लावलं, गुंता सोडवला, कुठेच ओढलं नाही. गाणं म्हटल्यासारखं काहीतरी ती पुटपुटत होती. आई समोर बसून पाहत होती. मला वाटलं, किती बरं आहे हे. मला बहीण आहे.

त्यानंतर मी भाकर घेऊन गोठ्यात गेले. बैलाच्या बाजूला एक माणूस बसला होता. बारीक, दाढीमिशी नसलेला, डोक्यावर दुपट्टा बांधलेला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मला नाव आठवेना. ओळखीचं आहे, आपलंच कोणीतरी आहे, एवढंच कळत होतं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. काय झालं ते त्याला माझ्याआधी कळलं.

"कोकिळा," तो हळूच म्हणाला, "बोरं खाल्ले होते आपन. धुऱ्यावर."

मी थाळी खाली ठेवली. जीभ जड झाली होती. "क," मी म्हटलं. मग "कवडू." मग मला रडू कोसळलं. "दादा. कवडूदादा."

त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या हातानंच माझी वेणी सोडली, एकेक पेड मोकळा करून. त्याच्या बोटांत केस अडकत होते, दुखत होतं. मी दुखू दिलं.

"मले जावं लागते," तो म्हणाला. "नाई त तू बी विसरशीन. पन आंदी थिच्यासंग बोलतो."

७

लग्न भर दुपारचं होतं. अंगणात मांडव, मांडवात सगळं गाव. नवरीला हळदीच्या लुगड्यात मधल्या खोलीत बसवलं होतं. उरलेला कापूस एका कोपऱ्यात तसाच होता. बायका नवरदेवाला पाहायला बाहेर गेल्या, तेव्हा दादा आत शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले.

बाहेर बाजा वाजत होता, तरी दाराला कान लावला की आतलं ऐकू येत होतं. दोन जण बोलत होते आणि दोन्ही आवाज एकच होते. एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. कोण विचारतं आणि कोण सांगतं ते मला ओळखता येईना. मध्ये एकदा कोणीतरी रडलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी दारावर थाप मारली. हात कापसावर मारल्यासारखी ती थाप वाजलीच नाही.

दार उघडलं. पायजमा आणि सदरा घातलेला माणूस बाहेर आला. त्याच्या पापण्यांवर कापूस होता.

मी मागे सरले. "तूच ना?"

"मीच."

"मांगच्या पोळ्याले कुठी होता तू?"

"नदीवर गेलतो," तो म्हणाला. "बैल धुवाले गेलतो. तुले बी नेलतं."

मी त्याचा हात धरला. घट्टे होते.

"काय म्हने थे?"

"म्हने, मले इथी रायचं हाये. घर, मानसं, सगळं पायजेन म्हने. म्हटलं, राय. मले थे नाव नको, थे लुगडं नको. भांडन कायचं?" तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "कोनी थिले बलावलं नाई, कोकिळा. माय रोज हाक देये ना. थे त्याच हाकेवर आली."

"आनखी काय म्हने?"

त्यानं ते सांगितलं नाही. माझ्या दोन्ही खांद्यांना धरून एवढंच म्हणाला, "शिकत राहजो. आन कदी ह्या घरात तुह्याबदली कोनी ओ देल्ली, त कपडे घ्याले थांबू नको. वर्ध्याले येजो माह्याकडे."

बायका परत आल्या. नवरीला हाताला धरून बाहेर नेलं. तिचं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं होतं. दादा गर्दीतून फाटकाकडे चालू लागला. तेव्हा मला ते सहन झालं नाही. अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजींनी हात वर केला होता, सगळे शांत होते. मी आईच्या पुढ्यात जाऊन मोठ्यानं म्हटलं, "माय, कवडूदादा जाऊन राह्यला. एकदा पाह्य त्याच्याकडं."

आईच्या मुठीतल्या अक्षता खाली पडल्या. तिनं फाटकाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला अजून वाटतं, की ती त्या वेळी त्याला पाहत होती.

पाटावरून नवरी म्हणाली, "माय."

आईनं मान वळवली. "काय बाई?" आणि मला म्हणाली, "कोन जाऊन राह्यला?"

८

पुढची काही वर्षं नीट गेली. आर्वीकडची वच्छला सुखात होती. तिला दोन मुलं झाली. माहेरी यायची तेव्हा आईचे पाय दाबायची. मी तिच्यासमोर केस मोकळे सोडत नसे, एवढंच.

दादा वर्ध्याला होता. आधी गॅरेजमध्ये कामाला लागला, मग ऑटो चालवू लागला. स्टेशनवर सगळे त्याला कवडूभाऊ म्हणत. मी बारावीच्या परीक्षेला वर्ध्याला गेले होते तेव्हा त्याच्याच खोलीवर राहिले. घरात आरसा होता, खिडकीत तुळस होती, तो गात गात सैपाक करायचा. भाकर अजून वाकडीच होती. पण तो निवांत दिसत होता. मी त्याला असा पहिल्यांदाच पाहत होते.

मला पुढे शिकायचं होतं. बाबांनी हिंगणघाटचं स्थळ पाहिलं. मी नाही म्हटलं. बाबा रागावले नाहीत. आई म्हणाली, "बरं, पाहू." असा शांतपणा मी ह्या घरात आधी एकदा पाहिला होता.

वेचणी नुकतीच सुरू झाली होती. शेजारच्या पोरीकडून शिवणाचा कागद घेऊन मी परत येत होते. अंगणाच्या फाटकाशी आले तर आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.

"कोकिळा, कुठी गेलती वं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"इथीच होती माय," मधल्या खोलीतून माझा आवाज आला. "कापूस सारून राह्यली."

आई आत वळली. माझ्यात आणि ओसरीत फक्त अंगण होतं. चुलीचा धूर येत होता, वासरू हंबरत होतं. आत जाऊन त्या खोलीचं दार उघडावं, असं फार वाटलं. तसं वाटू लागलं तेव्हाच मी पाठ फिरवली आणि पायवाटेनं रस्त्यावर आले. येईल ती एसटी धरली.

वर्ध्याला पोचल्यावर मी रोज वाट पाहत होते, की बाबा येतील, मला मारतील, ओढत नेतील. दादा म्हणायचा, "बाबा आले त बरं होईन." दिवाळी गेली, संक्रांत गेली. कोणी आलं नाही.

९

होळीच्या सुमारास एका सकाळी मी ऑटोत दादाच्या बाजूला बसून कॉलेजला निघाले होते. एसटी स्टँडसमोर तो थांबला. मागे दोन बायका बसल्या. एकीचा आवाज आला, "भाऊ, डोळ्याच्या दवाखान्यात नेतं का?"

दादाचा हात हँडलवर थांबला. मीही समोरच पाहत राहिले.  हँडलच्या आरशात मला आईचा अर्धा चेहरा दिसत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. तिच्या बाजूला कोणी बसलं होतं, त्याचा खांदा आणि मांडीवर ठेवलेले हात तेवढे दिसत होते. आईला दिसत नाही म्हणून ओळखत नाही, असं मी धरून चालले. तसं असतं तर ठीकच होतं.

दादानं ऑटो हळू चालवला. खड्डा आला की आणखी हळू.

"मोठा सांभाळून चालवतं बापू," आई म्हणाली. "कोन्या गावचा तू?"

"वडनेरचा, माय."

"वडनेरचा? आमी बी वडनेरचेच. कोनाचा तू?"

 "महादेवरावाचा."

 मग आई थोडी हसली. "दुसरा असंन कोनी. आमच्या ह्यायले पोरगा नाई. दोन पोरीच. थोरली आर्वीकडं देल्ली. ही लहानी, कोकिळा. हिचं बी जमवलं आता."

आरशातले हात मांडीवर एकमेकांत गुंतले. डाव्या अंगठ्यानं उजव्या बोटाचं पेर चोळलं. मी परीक्षेला बसले की तसंच करते.

दवाखान्यासमोर ऑटो थांबला. आई चाचपडत उतरली आणि दादाच्या बाजूला आली. तो पैसे नको म्हणाला. आईनं हात वर केला, त्याचं डोकं सापडेपर्यंत हवेत फिरवला आणि मग त्याच्या केसांवर ठेवला.

"सुखी राय बापू," ती म्हणाली. "तुह्यासारखा एक असता त बरं झालं असतं."

 दादाची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते.

त्या दोघी रस्ता ओलांडू लागल्या. मी आता पाहिलं, पण पाठीकडूनच. तिनं आईचा हात कोपरापाशी धरला होता. समोरून ट्रक आला तेव्हा थांबली, आईला आपल्या मागे घेतलं. वाटेतला दगड पायानं बाजूला सारला. आईच्या डोक्यावरून घसरलेला पदर तिनं नीट केला. मी असते तर इतकं जपून नेलं असतं का, असं माझ्या मनात आलं. नेलं नसतं. मला क्लासची घाई असती.

दवाखान्याच्या फाटकापाशी तिनं आईला भिंतीशी उभं केलं आणि हात सोडला. मागे वळली नाही. पाठ तशीच ठेवून उभी राहिली, मागून येणाऱ्या माणसासाठी थांबावं तशी.

दादानं मागून येऊन माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी फुटली. तेव्हा मला कळलं, की मी ऑटोतून उतरून अर्ध्या रस्त्यात आले होते.